दिग्रसच्या रेडिओवाल्या काकांचं दुकान: जुना सीआरओ भंगारात घालण्याआधी

जुना सीआरओ (विजेची लहर पडद्यावर रेषेनं दाखवणारा ऑसिलोस्कोप), सिग्नल जनरेटर किंवा रेग्युलेटेड पॉवर सप्लाय पडून आहे, "याचे कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) गेले" असं कुणीतरी सांगितलंय, आणि आता तो भंगारवाल्याला द्यायचं चाललंय, अशा आपल्याकडच्या लोकांसाठी हे लिहितो आहे. आधी दिग्रसला जाऊन या. मेन लाइनीवरून आत वळणाऱ्या गल्लीत एक अरुंद दुकान आहे. वर पाटी घड्याळदुरुस्तीची आहे. ती आधीच्या भाडेकरूची, अजून कुणी काढलेली नाही. "रेडिओवाले काका कुठं बसतात?" असं कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारलं की कुणीही दाखवेल. माझा सीआरओ आणि एक परदेशी फ्रिक्वेन्सी काउंटर (सेकंदाला किती लहरी ते मोजणारं यंत्र) मी तिथून दुरुस्त करून आणला. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

मी कोण आणि मला सीआरओ कशाला लागतो, हे आधी सांगतो. किमान कौशल्याच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत मी बरीच वर्षं शिकवलं. आता दारव्हा तालुक्यातल्या गावी शेती आहे आणि जोडीला झटका मशीन व सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करतो. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांनी सोयाबीन, तूर, हरभऱ्याची काय दशा होते ते इकडच्यांना सांगायला नको. झटका मशीनमध्ये एक कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरतो, एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू झाला की तो कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत क्षणात रिकामा होतो, आणि कुंपणाच्या तारेत काही हजार व्होल्टचा अगदी छोटा ठोका जातो. साधारण सेकंदाला एक. हा ठोका किती लांब, किती उंच, हे साध्या मीटरला दिसत नाही. काटा नुसता थरथरतो. त्याला सीआरओच लागतो, मध्ये व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लावून. आणि ते बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मशीन नीट चालत नाही म्हणून वैतागून कुंपणात थेट लाइन सोडणारे लोक आहेत, आणि त्यात माणसं मरतात. मशीन भरवशाचं करून दिलं तर ती वेळ येत नाही.

सीआरओ मिळाला एका ज्युनियर कॉलेजच्या निर्लेखित सामानाच्या लिलावात. दोन चॅनेल, २० मेगाहर्ट्झ, आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसायचा तसला. बांधणी भक्कम, स्विचेस अजून खटकन बसतात, ट्यूब उजळ. दोष एवढाच की आडवी रेषा सरळ राहायची नाही. सुरू केला की रेषेला पोट यायचं, दर दहा मिलिसेकंदाला एक. अर्धा तास तापला की ते कमी व्हायचं, पण जायचं नाही. आपल्याकडची लाइन ५० हर्ट्झ, फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झ, म्हणजे दहा मिलिसेकंद. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर आटलेत, एवढं निदान मी घरीच केलं होतं. पण पेटीतल्या ट्यूबजवळ दोन हजार व्होल्टच्या आसपासचा पुरवठा असतो. तिथं हात घालायला माझ्याकडे ना साधनं होती, ना घरातल्यांची परवानगी.

त्याआधीचा एक अनुभव सांगितल्याशिवाय या दुकानाची किंमत कळणार नाही. माझा एक सिग्नल जनरेटर मी मोठ्या शहरातल्या एका दुकानात दिला होता. त्यांनी मोठ्या मनानं "सगळे कपॅसिटर नवे टाकून देतो" म्हटलं, आणि खरंच टाकले. इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) तर बदललेच, पण ऑसिलेटरमधले पॉलिस्टायरिनचे, चांदीसारखे चमकणारे, आणि मायकाचेही काढून त्याजागी स्वस्तातले सिरॅमिक लावले. पॉलिस्टायरिन आणि मायका चाळीस वर्षांनीही जागचे हलत नाहीत; उलट साधा सिरॅमिक उष्णतेनं आणि व्होल्टेजनं आपली क्षमता बदलतो. जनरेटर घरी आला तेव्हा डायल एक सांगायची आणि बाहेर दुसरंच यायचं. सकाळी वेगळं, दुपारी वेगळं. वर दोन ठिकाणी बोर्डाची प्रिंट उखडून वायरीचे तुकडे जोडलेले. बिल मात्र व्यवस्थित, छापील होतं.

म्हणून दिग्रसला दुकानाच्या टेबलावर पेटी ठेवताना मी आधीच म्हटलं, "काका, सगळे बदलू नका." सत्तरी ओलांडलेले काका चष्मा वर करून म्हणाले, "सर, चांगल्या मालाले हात कायले लावाचा? मोजल्याबिगर काहीच काढाचं नाही." हे वाक्य त्यांनी पाळलं (अपवाद पुढे येतील), आणि माझ्या दृष्टीनं या दुकानाचं सगळं मोल त्यातच आहे.

दुकानात दोघं काम करतात. मोजणं, निदान करणं काकांचं. सोल्डरिंग त्यांच्या सुनेचं, कारण काकांचा हात आता थोडा कापतो. ताईंनी आयटीआय केलं आहे. त्या "मामाजी, हा एक पाय उचलून पाहू का?" असं विचारत विचारत काम करतात आणि प्रत्येक आकडा वहीत लिहितात. मी पहिल्या दिवशी मुद्दाम दुपारभर तिथंच बसून राहिलो. त्यांनी हरकत घेतली नाही. गिऱ्हाइकाला समोर बसवून काम करणारी दुकानं आता कमी झाली आहेत.

पेटी आली की काका ती प्लगला लावत नाहीत. पहिला प्रश्न: शेवटची कधी चालू केली होती? माझा सीआरओ अधूनमधून चालत होता. काउंटर मात्र कित्येक वर्षं बंद होता. बंद पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. तोच थर तर त्याचा इन्सुलेटर. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती करंट वाढतो, आतलं द्रव तापतं, आणि कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. म्हणून काउंटर त्यांनी डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) लावला, मध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, आणि व्होल्टेज थोडं थोडं चढवत नेलं. बल्ब पेटून मावळतो की पेटलेलाच राहतो, हे बघत. थर पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. दोन तास तरी डिमरस्टॅटची मूठ त्यांनी सोडली नाही. इतर दुकानात हा वेळ कुणी देणार नाही, कारण त्याचे पैसे मागता येत नाहीत.

दुसरं म्हणजे हाय व्होल्टेज. सीआरओचं झाकण काढल्यावर ट्यूबच्या पुरवठ्यातले कपॅसिटर रिकामे करायला पुष्कळ मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर टेकवतात. ठिणगी उडते, कपॅसिटरच्या आतल्या जोडाला धक्का बसतो, आणि कधी माणसाला. काकांनी एक-एक लाख ओहमचे रेझिस्टन्स एकापुढे एक जोडून ती माळ ठिबकच्या नळीत सरकवली आहे. एका टोकाला क्लिप, ती चॅसीला (पेटीच्या धातूच्या सांगाड्याला). दुसऱ्या टोकाला पितळी टोक, ते कपॅसिटरला. काही सेकंद धरलं की शांतपणे उतरतं. मग ते थांबतात आणि थोड्या वेळानं पुन्हा मीटर लावून बघतात, कारण रिकामा केलेला कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी त्यात थोडं व्होल्टेज परत चढतं. आतल्या डायइलेक्ट्रिकनं शोषून ठेवलेलं ते हळूहळू सोडतं. मी वर्गात हे फळ्यावर शिकवलं होतं. काटा शून्यावरून आपोआप वर सरकताना मात्र तिथं बघितला.

मग मोजणी. इलेक्ट्रोलिटिकची खरी तब्येत नुसत्या मायक्रोफॅरडवरून कळत नाही. त्यातलं द्रव खालच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं उडत राहतं. क्षमता कमी होते, पण त्याआधी आतला सिरीज रेझिस्टन्स, ज्याला ईएसआर म्हणतात, तो वाढतो. काकांच्या शब्दांत, "विहीर तेवढीच दिसते सर, पाणी आटलं असते." त्यांच्याकडचा ईएसआर मीटर साधारण १०० किलोहर्ट्झवर, अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे बोर्डावरचे डायोड-ट्रान्झिस्टर मध्ये येत नाहीत आणि बरेचसे कपॅसिटर जागेवरच तपासता येतात. पण शॉर्ट झालेला कपॅसिटरही त्या मीटरला "छान" दिसतो, आणि दोन कपॅसिटर पॅरलल असतील तर चांगला वाईटाला झाकतो. शंका आली की ताई एक पाय उचलून मोजतात.

माझ्या सीआरओच्या मुख्य फिल्टरची नोंद वहीत अशी आहे: वर छापलेलं २२०० मायक्रोफॅरड, मोजलेलं ८५०, ईएसआर ३ ओहमच्या वर. नवा लावल्यावर ०.०६. काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला, तो मला फार आवडला. अर्धा अँपिअर ओढला जातो असं धरा. दहा मिलिसेकंद तो कपॅसिटरनं पुरवायचा. २२०० मायक्रोफॅरड असतील तर व्होल्टेज सव्वादोन व्होल्टनं उतरतं. ८५० उरले तर जवळजवळ सहा व्होल्टनं, आणि ईएसआरची घट वेगळीच. रेग्युलेटरकडे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाकडे) तीन-चार व्होल्टचीच शिल्लक असते. ती संपली की दर दहा मिलिसेकंदाला तो हात टेकतो, आणि रेषेला पोट येतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी या वहीचे फोटो काढून न्यावेत.

काय बदललं आणि काय ठेवलं, यात दुकानाची समज दिसते. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक सगळे बदलले, त्यातला एक मोजमापात बरा निघाला तरी. कारण सगळे एकाच ट्रान्सफॉर्मरच्या धगीला बसलेले. आज बरा असलेला पुढच्या उन्हाळ्यात जाणार आणि पेटी पुन्हा उघडावी लागणार. हे मला पटलं. बाकी बोर्डावरचे मोजून, जे गेले तेवढेच. पॉलिस्टर, मायका, छोटे सिरॅमिक यांना हात नाही. टाइमबेसमधल्या ज्या कपॅसिटरांवर पडद्यावरच्या एका चौकोनाला किती मायक्रोसेकंद हे ठरतं, त्यांच्याभोवती तर ताईंनी पिवळी चिकटपट्टी लावून ठेवली होती, चुकूनही आयर्न लागू नये म्हणून.

टँटलम जातीच्या कपॅसिटरचा नियम वेगळा. पुरवठ्याच्या रेलवर (बोर्डाला व्होल्टेज पोचवणाऱ्या लाइनवर) बसलेले ते रंगीत थेंबासारखे कपॅसिटर मोजले तर उत्तम निघतात आणि एके दिवशी सरळ शॉर्ट होतात, कधी धूर काढून. "हा सांगून नाही जात, सर. हा एकदम जाते." म्हणून रेलवरचे टँटलम न मोजता बदलले. त्यांच्या जागी जिथं जागा होती तिथं इलेक्ट्रोलिटिक, आणि जिथं टँटलमच हवा तिथं रेलच्या दुप्पट व्होल्टचा.

ताईंचं सोल्डरिंग जवळून बघा. जुना बोर्ड तपकिरी, फिनॉलिकचा. त्यावर आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की प्रिंट कागदासारखी सुटते. त्या आधी जुन्या जोडावर थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स देतात. जुनं, काळवंडलेलं सोल्डर त्यानं पटकन वितळतं. मग सोल्डर ओढणारा सकर, आणि उरलेलं तांब्याच्या जाळीदार वायरनं ओढून घेतात. पाय अडकला तर ओढत नाहीत. कपॅसिटर वरूनच कापतात आणि एकेक पाय स्वतंत्र काढतात. आणि काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो, कारण जुन्या आडव्या कपॅसिटरच्या धन टोकाकडे फक्त एक खाच असते, नव्या उभ्यांवर मात्र ऋण बाजूला पट्टा असतो, आणि टँटलमवर खूण धन पायाकडे असते. एकावर ऋण, दुसऱ्यावर धन. उलटा लागला की इलेक्ट्रोलिटिक तापतो आणि टँटलम पेट घेतो. माझ्या बोर्डावर एकही प्रिंट उखडली नाही. उन्हात धरून, भिंग लावून मी बघितलं आहे.

काउंटरचं काम छोटं पण जास्त महत्त्वाचं होतं. मेन्सच्या तोंडाशी फिल्टरचे पिवळसर, पारदर्शक खोक्यातले कागदी कपॅसिटर होते, ज्यांना बारीक बारीक तडे गेले होते. या तड्यांतून दमट हवा आत जाते, आणि एखाद्या पावसाळ्यात प्लग लावताच दुकानभर घाण वासाचा धूर होतो. काकांनी ते बघताक्षणी काढले. त्या जागी लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स-टू वर्गाचे, आणि चॅसीकडे जाणारे वाय वर्गाचे लावले. कुणी तुम्हाला तिथं "चारशे व्होल्टचा आहे, चालतो" म्हणून साधा कपॅसिटर लावून देत असेल तर पेटी उचलून घरी या. एक्स-टू हा लाइनवरचे झटके खाऊन स्वतःला सावरण्यासाठी बनवलेला असतो. आणि वायचा शॉर्ट झाला तर चॅसीवर थेट लाइन येते, म्हणून तो तसा शॉर्ट होऊ नये अशा कसोटीचाच असावा लागतो.

त्यावरून त्यांनी मला अर्थिंगचं विचारलं. गावातल्या अर्ध्या घरांत थ्री-पिनचा तिसरा पाय नुसता नावाला असतो. अशा ठिकाणी फिल्टर असलेलं कुठलंही मशीन लावलं की चॅसीला हात लावताच मुंग्या येतात, कारण त्या दोन वाय कपॅसिटरांच्या मधून चॅसीवर लाइनच्या निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा, पण ओल्या जमिनीवर उघड्या पायानं उभं असलेल्याला तो नको. काकांनी माल परत देण्याआधी घरी अर्थिंगचा खड्डा करून घेण्याचं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी तो करून घेतला.

नवे कपॅसिटर कोणते? मोठ्या डब्यांसाठी त्यांनी नाशिकचे अल्कॉन दाखवले, लहानांसाठी निचिकॉन, रुबिकॉन, आणि काही ठिकाणी कन्नूरच्या केल्ट्रॉनचे. आडव्या पायांचे आता सहज मिळत नाहीत. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. प्रत्येक नवा कपॅसिटरही लावण्याआधी मोजला. यातही मला आनंद झाला, कारण बाजारात जुन्यावर नवं वेष्टन चढवून विकलेला मालही येतो, आणि नवा आहे एवढ्यानं चांगला असतो असं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या कॉम्प्युटर मदरबोर्डांवर फुगलेल्या कपॅसिटरांच्या रांगा ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हे पटेल.

आता तो कापलेला तारा. पहिलं, एका जागी त्यांनी ८५ अंशाचा (तेवढ्या उष्णतेपर्यंत चालणारा) कपॅसिटर लावला होता, तो ट्रान्सफॉर्मरच्या अगदी बाजूला. पुण्या-मुंबईत तो चालून जाईल. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत पंख्याखालीच ४२-४३ असतं. बंद पेटीत ६५ सहज होतं. दर दहा अंश थंड राहिलं की आयुष्य दुप्पट, या ठोकताळ्यानं २००० तासांचा ८५ अंशाचा कपॅसिटर ६५ ला आठ हजार तास चालेल. तेवढ्याच तासांचा १०५ चा बत्तीस हजार. रोज आठ तास वापर धरला तर एक तीन वर्षांत संपतो, दुसरा दहा-अकरा वर्षं जातो. किमतीत फरक पाच-सात रुपयांचा. मी दाखवल्यावर काकांनी लगेच मान्य केलं आणि पैसे न घेता बदलला, पण विदर्भातल्या दुकानात ८५ चा माल ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, आडव्याच्या जागी उभा कपॅसिटर झोपवून त्यांनी तो हॉट ग्लूनं चिकटवला होता. हा गोंद तापलेल्या पेटीत मऊ पडतो. मी नायलॉनची टाय लावायला सांगितली. तुम्हीही सांगा. सिलिकॉन लावणार असतील तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं.

तिसरं, वेळ. काही आठवडे म्हणता म्हणता दोन महिन्यांच्या वर गेले, आणि मध्ये कधीच कळवलं नाही. फोन उचलत नाहीत. मुंबईचा माल यायला उशीर झाला हे मी समजू शकतो, पण एक मेसेज पुरला असता. सीझनमध्ये झटका मशीनवाले शेतकरी माझ्या दारात उभे होते आणि मला त्यांना तारीख सांगता येत नव्हती. याबद्दल मी काकांशी स्पष्ट बोललो. पक्की पावती, वॉरंटीचा कागद असलंही काही मिळत नाही. शाळा-कॉलेजांना तो लागतोच, त्यांनी आधी बोलून घ्यावं.

आणि ज्यांना प्रमाणपत्रासह कॅलिब्रेशन हवं आहे त्यांचं काम इथं होणार नाही, ते मान्यताप्राप्त लॅबचं काम आहे. पण काका स्वतःपुरती तपासणी करतात, ती माझ्यासारख्याला पुरे. एका प्लास्टिकच्या डबीत १ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा ऑसिलेटर बसवलेला आहे. टाइमबेस एका चौकोनाला एक मायक्रोसेकंदावर ठेवायचा आणि ती डबी लावायची: प्रत्येक चौकोनात बरोबर एक लाट बसली पाहिजे. माझ्या सीआरओवर डावीकडून उजवीकडे दहा चौकोनांत दहा लाटा बसल्या, शेवटची केसभर पुढे. मग सीआरओच्याच चौकोनी लहरीवर प्रोब (मोजायची वायर) लावून त्याचा ट्रिमर (जुळवणीचा स्क्रू) फिरवला, कोपरे काटकोनात आले. त्यानंतर झाकण लावून दिवसभर चालू ठेवला, पंख्याशिवाय. संध्याकाळी पुन्हा डबी लावली. रेषा सरळ होती, लाटा जागच्या जागी.

खर्च: सीआरओचे मजुरीसह सोळाशे, काउंटरचे सातशे. कपॅसिटरचे पैसे त्यातच. नव्या डिजिटल स्कोपच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही, आणि त्या पडद्यावर दिसणारी रेषा मला अजूनही कुठल्याही नव्या स्क्रीनपेक्षा जास्त बोलकी वाटते.

काढलेले जुने कपॅसिटर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत परत दिले. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, त्यावर ताईंच्या बारीक अक्षरात बोर्डावरचा क्रमांक, छापील क्षमता, मोजलेली क्षमता, ईएसआर. ही पिशवी मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना दाखवतो. दोन सारखे दिसणारे, वरून चकचकीत कपॅसिटर त्यांच्या हातात देतो आणि मीटर पुढे करतो.

जाणार असाल तर सकाळी दहानंतर जा, सोमवारी बंद. पेटी सीटवर ठेवून न्या, डिकीत नको. सोबत तुमचाच प्रोब आणि मेन कॉर्ड न्या. मशीन किती वर्षं बंद होतं ते आठवून ठेवा. "१०५ चेच लावा" आणि "कळवत राहा" हे दोन्ही देतानाच सांगा. आणि सर्किट डायग्राम कुठं मिळाला तर त्याची एक झेरॉक्स जास्तीची काढा. ताई ती फाइलला लावतात आणि तसलंच दुसऱ्या कुणाचं मशीन आलं की काढून बघतात.